अकराची रिंग

माझ्या थोरल्या भावाचं नाव बिरा. आज मी जो काही आहे तो कुणामुळे, असं कुणी विचारलं तर मला हे एकच नाव सांगता येतं. वडील, आमचे अण्णा, गेले तेव्हा तो तिसरीत होता आणि मी पहिलीत. जत तालुक्याच्या पूर्वेला, जिथं पावसाळा असा वेगळा ओळखू येत नाही, तिथं आमची वस्ती. मेंढरांमागं कुणीतरी जायला हवं होतं. तो गेला, मी शाळेत राहिलो. दोघांत हुशार कोण होता हे आता कधीच कळणार नाही, कारण ते बघायची संधी एकालाच मिळाली. पुढं त्याची अक्षरं हळूहळू सुटली. आकडे तेवढे राहिले, कारण संध्याकाळी मेंढरं मोजून घ्यावी लागतात.

हे सगळं आज आठवायचं कारण अगदी साधं आहे. फेब्रुवारी उलटलाय. सांगलीच्या माझ्या घरी सकाळी तासगावहून एका स्नेह्यानं नव्या हंगामाचे बेदाणे पाठवले. पिशवीचं तोंड सोडलं आणि गोड वासाच्या मागून गंधकाचा एक बारीकसा, नाकाला टोचणारा वास आला. त्याच वेळी आतल्या खोलीतून मुलगी म्हणाली, बाबा, नेट परत गेलं. भिंतीवरच्या राउटरचा हिरवा दिवा जाऊन लाल लागला होता. दोन मिनिटांनी आपोआप हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. ती वैतागली. मी वैतागलो नाही असं नाही, पण माझा वैताग आजचा नव्हता. तो पंचवीस-एक वर्षांपूर्वीचा होता आणि त्याला हाच वास होता.

तो हंगाम म्हणजे नव्वदच्या दशकाचं शेवटचं टोक. मी पदवी घेऊन, सांगलीत संगणकाचा वर्षभराचा कोर्स करून तासगावला आलो होतो. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि आमच्या वस्तीवरचाही. पुण्याची एक कंपनी तासगाव भागातली द्राक्षं परदेशी पाठवायची. सकाळी पॅकिंगच्या शेडमध्ये कुणाच्या बागेतला किती माल भरला, किती पेट्या झाल्या, मण्यांचा आकार काय, याची यादी करायची आणि दुपारी बाराच्या आत ती ई-मेलनं पुण्याला पाठवायची, एवढं माझं काम. त्या यादीवरून तिकडं कागदपत्रं तयार व्हायची. यादी उशिरा गेली की कागद अडकायचे आणि कागद अडकले की माल अडकायचा. एवढा हंगाम नीट पार पाडला तर मला कायम करणार, असं साहेबांनी सांगितलं होतं. नाही पाडला तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मलाही विचारायची गरज नव्हती. वस्तीवर दादानं आधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आमचा धाकटा कम्पुटरवर साहेब झालाय.

पॅकिंगच्या शेडमधला फोन कधी मोकळा नसायचा, म्हणून कंपनीनं संगणक माझ्या खोलीवरच ठेवला होता. खोली गावाबाहेर एका बागायतदाराच्या घराच्या मागच्या बाजूला. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणे. घराच्या तिन्ही बाजूंना द्राक्षाची बाग आणि समोर बेदाण्याचं शेड. आबांच्या फोनची एक जोडतार ओढून माझ्या खोलीत आणली होती, तिला एक जादा फोन लावला होता. टेबलावर तो थोराड मॉनिटर आणि बाजूला हाताच्या पंजाएवढी काळी पेटी, मोडेम. त्याच्या तोंडावर लाल दिव्यांची रांग. इंटरनेटसाठी सांगलीचा नंबर फिरवला की ती पेटी आधी शीळ घालायची, मग घसा खरवडल्यासारखा आवाज करायची, मग दोन मांजरं भांडावीत तसा कालवा व्हायचा आणि एकदम शांत. ती शांतता आली की जोडलं गेलं असं समजायचं. माझ्या आयुष्यात मी शांततेची एवढी वाट कधी बघितलेली नाही.

कारण ती टिकत नव्हती. यादी जायला सुरुवात व्हायची, पडद्यावर निळी पट्टी अर्ध्यावर यायची आणि दिव्यांतला एक दिवा विझायचा. पुन्हा नंबर, पुन्हा शीळ, पुन्हा मांजरं. पुन्हा अर्धी पट्टी. कधी पाऊण. एकदा तर पट्टीतला शेवटचा एक दाणा भरायचा राहिला होता आणि तेव्हा गेलं. पार बंदच पडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटायचं. बंद पडलेल्या वस्तूशी माणसाला भांडता येतं, ती दुरुस्तीला टाकता येते. ही वस्तू चालत होती. दहा मिनिटं चालून, आता सगळं ठीक आहे असा विश्वास देऊन मग दगा द्यायची.

मी माझ्या शिक्षणाप्रमाणे सगळं केलं. सगळे प्रोग्रॅम काढून पुन्हा घातले. संगणकाचं पाठीमागचं झाकण काढून धूळ पुसली. बेदाणे खात काम करायची सवय लागली होती, त्यामुळं कीबोर्डची बटणं चिकट झाली होती, ती एकेक काढून धुतली. त्याचा या दुखण्याशी काही संबंध नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं, पण हाताला काहीतरी हवं होतं. मोडेमची वायर बदलली. टेबल या भिंतीवरून त्या भिंतीला नेलं.

आबा रोज एकदा येऊन दारात उभे राहायचे. त्यांचं सगळं आयुष्य द्राक्षवेलीत गेलेलं. त्यांनी माझ्या दुखण्याकडेही तसंच बघितलं.

"भुरी हाय का दावन्या, त्ये आदी ठरवा," ते म्हणायचे. "मग औषद. तुमी रोग कंचा त्ये न बघता नुसतं फवारे मारताय."

मी हसायचो. मनात म्हणायचो, वेलीचे रोग वेगळे आणि हे वेगळं. आज वाटतं की त्या सबंध हंगामात मला मिळालेला सगळ्यात शहाणा सल्ला तोच होता आणि तो देणाऱ्याला संगणक कुठून चालू होतो हेही माहीत नव्हतं.

एक दिवस मोडेम फडक्यात गुंडाळून, कापडी पिशवीत घालून सांगलीला नेला. एस. टी.त मांडीवर धरून बसलो होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय देव-बिव हाय का? दुकानातल्या इंजिनिअरनं तो लावला आणि त्यानं पहिल्या झटक्यात जोडून घेतलं. अर्धा तास बघत बसलो. एकदाही तुटलं नाही. तो पोरगेला इंजिनिअर माझ्याकडं असा बघत होता की जणू मी ताप नसलेलं मूल दवाखान्यात आणलंय. परत येऊन लावला तर सात मिनिटांत दिवा विझला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा नेला. पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला त्यानं सांगितलं की पेटीत काही दोष नाही, वापरणाऱ्याला सवय नसेल. ते वाक्य मी तासगावपर्यंत चघळत आलो.

मग टेलिफोनच्या लाइनमनकडं तक्रार केली. ते भले गृहस्थ होते, सायकल मारत दुसऱ्या दिवशी आले. त्यांच्याजवळचा फोन तारेला लावून त्यांनी एक्स्चेंजला सांगितलं, जरा इकडं घंटी द्या. घंटी आली. मग म्हणाले, आता लावा तुमचं. मी लावलं आणि ते मुकाट चालू राहिलं. ते चहा पिऊन निघून गेले. त्यांची सायकल वळणाआड गेली असेल-नसेल तोवर दिवा विझला. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला त्यांनी चहा घेतला नाही. न घेतलेल्या चहाचा अर्थ मला कळला.

त्या दिवसांत बाहेर सगळीकडं किती सुंदर होतं हे मला खूप नंतर आठवलं. तेव्हा मी ते बघतच नव्हतो. बागेच्या मांडवाखाली हिरवा उजेड असायचा, त्यात घड लोंबत असायचे. पाखरं उठवायला माणसं लांब कुठंतरी पत्र्याचे डबे बडवायची. शेडमध्ये जाळ्यांचे मजल्यावर मजले आणि त्यांच्यावर पसरलेली द्राक्षं रोज थोडी थोडी सुरकुतत जाणारी. वाळलेल्या मालाला सोनेरी रंग यावा म्हणून आबा त्याला बंद खोलीत गंधकाची धुरी द्यायचे. खोलीचं दार उघडलं की तो वास माझ्या खोलीपर्यंत यायचा, डोळे चुरचुरायचे. मी खिडकी लावून घ्यायचो आणि पुन्हा नंबर फिरवायचो. पडद्याकडं बघून बघून डोळे लाल, आणि आबांच्या घरचे समजायचे, धुरीनं झालेत.

दोनदा यादी बाराच्या पुढं गेली. दुसऱ्यांदा साहेबांचा फोन आला. ते चिडले नाहीत. अगदी शांतपणे म्हणाले, हे बघा, तुमची अडचण मला समजते, पण माल थांबत नाही. आणखी एकदा झालं तर मला दुसरी व्यवस्था बघावी लागेल. मी हो साहेब म्हणालो. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी मोडेमकडं बघत बसलो होतो. माझ्या डोळ्यांपुढं नोकरी नव्हती. दादा वस्तीवर माणसांना काय सांगेल, ते होतं.

मला लहानपणापासून एक सवय आहे, काही कळेना झालं की लिहून काढायची. एका वहीत मी रोज लिहायला लागलो: किती वाजता जोडलं, किती वाजता तुटलं, ऊन किती, वीज होती की नव्हती, आबांकडं कोण आलं होतं. दहा-बारा दिवसांच्या नोंदी वाचताना एक गोष्ट दिसली. एका बुधवारी जोडणी पन्नास मिनिटं टिकली होती. त्याच्या आधी दादाचा आमच्या गावच्या टेलिफोन बूथवरून फोन आला होता, मेंढरांची लोकर कातरायला माणसं आली म्हणून सांगायला. पुढं एका शनिवारी चाळीस मिनिटं टिकली. त्याच्या आधी कुणाचा तरी चुकीचा नंबर लागला होता. लाइनमन यायचे, एक्स्चेंजची घंटी यायची आणि नंतर चालायचं. म्हणजे बाहेरून फोनची घंटी वाजून गेली की पुढं अर्धा-पाऊण तास यंत्र नीट चालतं. का, ते मला कळत नव्हतं. कोर्समध्ये असलं काही शिकवलेलं नव्हतं. पण वहीत ते होतं.

मग रोज सकाळी मला घंटी देणार कोण? कंपनीत कुणाला सांगायचं म्हणजे माझी फजिती स्वतःच्या तोंडानं सांगायची. ओळखीतला दुसरा कुणी दोन दिवस देईल, तिसऱ्या दिवशी विसरेल आणि आधी का म्हणून विचारेल. का न विचारता रोज देईल असा माणूस मला जगात एकच ठाऊक होता.

आमच्या गावातल्या बूथवर फोन करून दादासाठी निरोप ठेवला. संध्याकाळी दादाचा फोन आला. मी सांगितलं की रोज अकरा वाजता बूथवर येऊन मला रिंग द्यायची, मी उचलणार नाही, पाच घंट्या झाल्या की ठेवून द्यायचा.

दादानं विचारलं,

"बोलायचं न्हाई?"

"न्हाई."

"किती दीस?"

"हंगाम हाय तवर."

"रविवारी बी?"

"रविवारी बी. यंत्रासाठी लागतंय, दादा."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

वस्तीपासून गावातला बूथ तासाभराच्या वाटेवर. जायला एक, यायला एक. मेंढरं तेवढा वेळ वहिनी बघणार. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी ते सांगितलं. त्याला कारण समजावून सांगितलं नाही, कारण समजावायचं तर मलाच समजत नाही हे कबूल करावं लागलं असतं. आणि त्याच्यासमोर ते कबूल करायची माझी तयारी नव्हती. ज्याच्यासाठी त्यानं शाळा सोडली, त्याला इतकं शिकून एक तार सरळ करता येत नाही, हे मी त्याला कसं सांगणार होतो?

आबांच्या घरी सांगून ठेवलं की अकराची घंटी कुणी उचलायची नाही. दुसऱ्या दिवसापासून अकराला घंटी वाजू लागली. पाच वेळा. पहिल्या दिवशी मी फोनकडं बघत हात मांडीखाली दाबून बसलो होतो, न जाणो सवयीनं उचलला जाईल. ती थांबली, मी नंबर फिरवला, शीळ, मांजरं, शांतता. यादी गेली. त्यानंतर रोज गेली. कधी अकराला दोन मिनिटं कमी, कधी अकरा वाजून एक. दादाच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. बूथच्या भिंतीवरचं घड्याळ बघत तो आधीपासून येऊन बसत असणार.

माणसानं एवढ्यावर आनंदी व्हायला हवं होतं. मी झालो नाही. दोष तसाच होता, नुसता झाकला गेला होता. घंटीनं चालतं म्हणजे काय, हा प्रश्न मला जेवताना, शेडमध्ये पेट्या मोजताना, एस. टी.त सतत कुरतडायचा. एखाद्या दिवशी घंटी आली नाही तर काय, ही भीती वेगळी. मार्चच्या मध्यावर ती खरी झाली. बूथवाला बाळू कुणाच्या तरी लग्नाला गेला आणि बूथला कुलूप होतं. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. मी नंबर फिरवत होतो आणि दर चार मिनिटांनी दिवा विझत होता. शेवटी मी उठलो आणि आयुष्यात पहिल्यांदा खिडकीतून बाहेर गेलेल्या त्या तारेच्या मागं चालू लागलो.

आज सांगायला लाज वाटते, पण सबंध दीड महिन्यात मी ती तार खिडकीच्या पलीकडं बघितली नव्हती. माझा समज असा की खोलीच्या आतलं ते माझं, बाहेरचं ते दुसऱ्याचं. मी शिकलेला होतो, म्हणून अवघड जागी दोष शोधत होतो. मेंढपाळाचं मेंढरू हरवलं तर तो पहिल्यांदा वाटेनं मागं चालत जातो. मी त्याच घरातला, आणि मला ते सुचायला फजितीच्या काठावर यावं लागलं.

माझी जोडतार घराच्या कोपऱ्यावर आबांच्या फोनच्या तारेला मिळाली होती. ती तार पेरूच्या झाडावरून गेली होती, तिथून शेडच्या लोखंडी खांबांवरून, आणि पुढं थेट धुरीच्या खोलीच्या झरोक्यातून आत शिरली होती. मी दार उघडलं. आत सकाळच्या धुरीचा वास कोंडलेला. डोळ्यांना रुमाल लावून वर बघितलं तर तार भिंतीच्या कडेनं जाऊन पलीकडच्या झरोक्यातून रस्त्यावरच्या टेलिफोनच्या खांबाकडं गेली होती, आणि मधोमध एक जाड गाठ होती. द्राक्षाचं कलम बांधतात ती प्लॅस्टिकची पट्टी, नीट, पीळ देऊन, एकावर एक वेढे घेऊन बांधलेली. मी ती सोडली. आतल्या तांब्यावर हिरवट-काळी भुकटी साचली होती. बोट लावलं तर एक तार गळूनच पडली.

आबा मागं येऊन उभे होते. त्यांनी सांगितलं की ट्रॅक्टरवरच्या क्रेटच्या थप्पीनं वरची तार दोनदा तोडली, म्हणून गेल्या साली त्यांनी स्वतः ती शेडातून फिरवून घेतली. तार कमी पडली, तिथं जोड दिला.

"पर ह्या खोलीत का?" मी विचारलं.

"उंदरं," आबा म्हणाले. "सगळ्या शेडात उंदरं वायर खात्यात. धुरीच्या खोलीत उंदीर येत न्हाई. आन जोड म्या कलमावानी बांदलाय. माझं कलम आजवर कंदी वाया गेलं न्हाई."

त्यांचं सगळं बरोबर होतं. उंदीर खरंच आला नव्हता. जोड खरंच कलमासारखा बांधला होता. तांबं गंधकाला भितं एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला पुस्तकातून ठाऊक होतं पण मी तिथवर चालत गेलो नव्हतो.

चाकूनं खरवडून मी तो जोड कसाबसा पिळला आणि धावत खोलीवर आलो. यादी बाराला चार मिनिटं कमी असताना गेली. दुसऱ्या दिवशी लाइनमननं येऊन अखंड तार बाहेरून टाकून दिली. त्यांनीच मला घंटीचं कोडं उलगडून सांगितलं. बोलताना तारेत वीज अगदी थोडी असते, घंटी वाजवायला मात्र जोराचा दाब येतो. त्या दाबानं जोडावरची भुकटी फुटते आणि थोडा वेळ वाट मोकळी होते. मग पुन्हा साचते. "म्हणून मी तपासायचो तवा तुमची लाइन चांगली," ते म्हणाले, "घंटी मीच देत हुतो की." त्या दिवशी ते चहा प्यायले.

इथं हे लिखाण संपवता आलं असतं तर मला आवडलं असतं.

तार बदलल्यावर मला अकरापर्यंत थांबायची गरज उरली नाही. साडेदहालाच जोडून घ्यायचो आणि यादी गेल्यावरही पुण्याहून पोच येईपर्यंत, कधी साडेबारा तर कधी दीडपर्यंत, लाइन धरून ठेवायचो. माल वाढला होता, याद्या लांबल्या होत्या. एप्रिल लागला. एकदाही बारा चुकले नाहीत. साहेबांनी फोन करून शाबासकी दिली. त्या काळात आबांच्या घरचे एक-दोनदा म्हणाले की दुपारच्या वेळेला फोन वाजतो आणि आपण उचलायला जावं तोवर बंद होतो. मी म्हणालो, असतील कुणी टवाळ. एका दुपारी पाऊणच्या सुमारास मी जेवत होतो, हात बरबटलेला, आणि तो वाजू लागला. मी तसाच उठलो आणि उचलला. पलीकडं कुणी बोलेना. नुसता वाऱ्याचा आवाज. मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो: "कोण आहे? काही कामधंदे आहेत का नाहीत? आईबापांनी हेच शिकवलं का?"

पलीकडून फोन हळूच ठेवला गेला. मी जेवण पुरं केलं.

कितीतरी दिवसांनी, हंगाम संपत आला तेव्हा, पुन्हा एका दुपारी फोन वाजला आणि या वेळी थांबला नाही. बाळू होता, बूथवाला.

"तुजं यंत्र बंद पडलंय का रं?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, नाही, का?

"मग तुजा भाऊ हितं रोज काय करतुय? अकराला येतुय, लाइन बिझी लागतीया. बाकड्यावर बसतुय, परत लावतुय. घंटी जाऊस्तवर हालत न्हाई, मग एक वाजूंदे न्हाईतर दीड. म्या म्हनलं, आरं बिरा, रिंगनं कुटं कम्पुटर चालतुय व्हय? कुनीतरी येड्यात काडलंय तुला. तर म्हनतुय, आमच्या धाकट्याचा चालतुय. लय हसत्यात गड्या सगळी."

बाळू सांगत राहिला.

"आन मागं एकदा कुनीतरी त्येला फोनवर लय बोललं. त्वांड उतरलं त्येचं. म्या इचारलं, कोन हुतं रं, तर म्हनतुय राँग नंबर."

मी विचारलं, दादा आहे का तिथं? नव्हता. नुकताच गेला होता, मेंढरं होती.

त्याला बूथवर बोलावून घेता आलं असतं. पण फोन धरून मी काय बोललो असतो? मी कागद घेतला. पत्र बाळूच वाचून दाखवणार, बाकड्यावरचे सगळे ऐकणार, हे धरूनच लिहिलं. त्याची नक्कल मी ठेवली होती. ती अशी:

तीर्थरूप दादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाळू, हे पत्र दादाला मोठ्यानं वाचून दाखव. बाकड्यावर जे कोण असतील त्यांनाही ऐकू दे. मधलं काही गाळू नको.

दादा, माझ्या फोनच्या तारेत एक जोड खराब होता. आबांच्या धुरीच्या खोलीत गंधकानं तो खाल्ला होता. बाहेरून कुणाची रिंग आली की तिच्या जोरानं तो जोड थोडा वेळ धरायचा आणि तेवढ्या वेळात माझं यंत्र चालायचं. रिंगशिवाय चालायचं नाही. हे मला टेलिफोनच्या माणसानं समजावून सांगितलंय. तेव्हा तू बूथवर सगळ्यांना जे सांगत होतास ते खरं होतं. बाळू, तुला किंवा आणखी कुणाला पटत नसेल तर इथं यावं, तो जोड मी कापून ठेवलाय, दाखवतो.

पण तो जोड मार्चमध्येच दुरुस्त झाला. त्याच दिवशी मी तुला कळवायला पाहिजे होतं. कामात होतो म्हणावं तर त्या दिवसांत मी जेवलो, झोपलो, पेपर वाचला. तुला कळवायचं तेवढं राहिलं. माझी गरज संपली आणि तुझी पायपीट चालू राहिली.

आता दुसरं. फोनवर त्या दिवशी जो बोलला तो राँग नंबर नव्हता. तो मी होतो. तू माझा आवाज ओळखलास हे मला माहीत आहे, नाहीतर तू बाळूला खरं सांगितलं असतंस. मी आईबापांचं नाव काढून बोललो. अण्णा गेले तेव्हापासून मला जे काही शिकवलं ते तूच. म्हणजे मी कुणाला बोललो ते तूच बघ. आणि ते ऐकून घेऊन तू दुसऱ्या दिवशी पुन्हा अकराला येऊन बसलास.

कंपनीनं मला कायम केलं आहे. तसा कागद काल आला. त्यावर माझं नाव आहे.

उद्यापासून बूथवर यायचं नाही. शनिवारच्या दुपारच्या गाडीनं मी येतो. चार दिवस राहतो. मेंढरांमागं मी जाईन, तू आणि वहिनी घरी बसा. आल्यावर मला काय बोलायचं ते बोल. बाळूसमोर बोललास तरी चालेल.

तुझा धाकटा